‘न्युराप्रॅक्सिया’ या शब्दामागे: खांदा-हाताच्या चेतातंतूंच्या इजेची पार्श्वभूमी

मोटारसायकलवरून पडून हात लुळा पडलेल्या माणसाच्या कागदांवर बरेचदा पहिल्याच दिवशी ‘न्युराप्रॅक्सिया’ असे लिहिलेले सापडते. घरच्यांना त्याचा अर्थ सांगितला जातो, ‘नस दबलीय, सुटेल’. मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि चेतातंतूलाही, त्यामुळे गोंधळात भरच पडते. पण मूळ गोंधळ त्या वैद्यकीय शब्दाच्या वापरात आहे.

शब्द चलनात आला १९४३ साली. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या एका ब्रिटिश शल्यविशारदाने चेतातंतूंच्या इजेचे तीन प्रकार मांडले. न्युराप्रॅक्सियात आतला धागा शाबूत असतो; फक्त त्याचे वेष्टन एका जागी बिघडल्याने संदेश अडतो, आणि काही दिवसांत किंवा फार तर तीनेक महिन्यांत हात पूर्ववत होतो. अ‍ॅक्सोनोट्मेसिसमध्ये धागा तुटतो पण भोवतीची नळी टिकते, आणि तिच्या आधाराने तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत जातो. न्युरोट्मेसिसमध्ये सगळेच तुटते. तिथे शस्त्रक्रियेवाचून मार्ग नाही. १९५१ साली एका ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने आतली आवरणे किती फाटली यावरून तीनाचे पाच प्रकार केले.

ही सगळी वर्गवारी चेतातंतूच्या आत काय घडले यावर उभी आहे, आणि पहिल्या दिवशी आतले काहीच दिसत नाही. तुटलेल्या धाग्याचा पुढचा भाग लगेच मरत नाही, तो सावकाश विरत जातो, हे १८५० सालीच बेडकांवरच्या प्रयोगांत दिसले होते. म्हणून पहिल्या काही दिवसांत जखमेच्या खालच्या बाजूला विजेचा हलका झटका दिला, तर पूर्ण तुटलेला चेतातंतूही चांगल्यासारखाच प्रतिसाद देतो. स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे संकेत नोंदवणाऱ्या ईएमजी चाचणीत तुटीच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी लिहिलेला ‘न्युराप्रॅक्सिया’ हे निदान नसते, ती आशा असते. आणि या आशेपायी मोलाचे महिने गेलेले आहेत.

चाचणीचा दुसरा चकवा याहून वाईट. चेतातंतूचे मूळच मज्जारज्जूपासून उपटले गेले असेल, तर संवेदनेच्या पेशी त्या तुटीच्या बाहेर, हाताच्या बाजूला राहतात. त्यामुळे हात बधिर असूनही चाचणीत संवेदनेच्या धाग्यांची नोंद कायम नॉर्मल येते. हीच गोष्ट हेरून १९५४ साली एक परीक्षा सुचवली गेली: बधिर त्वचेत हिस्टामिन हे लाली आणणारे रसायन टोचायचे आणि भोवती लाली पसरते का ते पाहायचे. लाली पसरली तर बातमी वाईट. मूळ उपटल्याची शक्यता मोठी, आणि ते आपोआप जुळत नाही.

याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. अठराव्या शतकात बाळंतपणात हात लुळा पडलेल्या बाळाची नोंद झाली. १८७०च्या दशकात गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूची इजेची नेमकी जागा ओळखली गेली. १८८५ साली पॅरिसमध्ये वैद्यक शिकणाऱ्या एका तरुणीने पंजाचा लुळेपणा आणि त्याच बाजूच्या डोळ्याची आकसलेली बाहुली यांचा संबंध दाखवला. ही बाहुली आजही बिछान्याशेजारी उभे राहून तपासता येते.

वाहने वाढली तशी मानेला आणि खांद्याला विरुद्ध दिशांनी हिसका बसण्याची प्रकरणे वाढली. तरी १९६६ साली पॅरिसमधल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेचा सूर निराशेचाच राहिला: जोडणी जवळपास अशक्य, आणि केली तरी उपयोगाची खात्री नाही. काही ठिकाणी लुळा हात कोपराच्या वरून कापून खांदा पक्का करून टाकत. त्या काळच्या हत्यारांकडे पाहता हे समजू शकते. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेने पुढच्या दशकात चित्र पालटल्यावरही ‘थांबून पाहू’ची सवय उरली, हे समजणे अवघड आहे. खांद्यापासून पंजापर्यंतचे अंतर मिलिमीटरच्या हिशेबात दोन वर्षांचे, आणि संदेशाविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षातच कामातून जातो. म्हणून आता हिसक्याच्या बंद (त्वचा न फाटलेल्या) इजेत सुधारणा दिसत नसेल, तर तीन ते सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा असे मानले जाते. १९९४ साली पंजाकडे जाणाऱ्या अल्नर चेतातंतूतला एक जुडगा कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडण्याची पद्धत आली. तिने हे अंतरच कमी केले.

फुफ्फुसाच्या टोकाची गाठ, स्तनाच्या कर्करोगानंतरचे रेडिएशन, कुबडीचा काखेतला दाब ही कारणे वेगळी. तिथे हिसक्याचा इतिहासच नसतो. अचानक उठणाऱ्या भयंकर खांदेदुखीमागोमाग स्नायू वाळण्याचा आजार १९४८ साली १३६ रुग्णांच्या अभ्यासातून ठळक झाला. त्यात इतकी वर्षे सल्ला एकच होता, थांबा. अलीकडे सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये यातल्या काही रुग्णांचे चेतातंतू वाळूच्या घड्याळासारखे मध्येच आवळलेले दिसू लागले आहेत. ती आवळलेली जागा कधी सोडवायची, की सोडवायचीच नाही, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.