मोटर पाणी चढवते की पाइप घासते?

लाइट बिल कमी करायचं म्हटलं की पहिली धाड बल्बवर पडते. खरं तर ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. गुहागर-श्रीवर्धनकडे ज्यांच्या घरामागे थोडंफार आगर आहे आणि विहिरीवरची मोटर घरच्याच मीटरवर आहे, त्यांनी फेब्रुवारी-मार्चचं बिल ऑगस्टच्या बिलाशेजारी ठेवून बघावं. माड-पोफळींचं शिंपणं सुरू झालं की आकडा चढतो. त्यात घरगुती दर टप्प्याटप्प्याचे. १०० युनिटांपुढचं प्रत्येक युनिट आधीच्यापेक्षा बरंच महाग आणि ३०० पुढे आणखी. मोटरची युनिटं बहुधा या वरच्या टप्प्यातच जाऊन बसतात.

आपली मोटर किती खाते हे मोजायला कसलंही यंत्र आणावं लागत नाही. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच सिंगल फेज मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. आपल्या मीटरवरचा वाचून घ्यावा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर लावायची आणि मिनिटभर दिवा मोजायचा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ६० वेळा लुकलुकला, तर मोटर ११२५ वॅट घेते आहे. एक एचपीच्या मोटरला एवढे लागतातच. आता ५०० लिटरची रिकामी टाकी भरायला किती सेकंद लागतात ते बघा. समजा ५०० सेकंद लागले, तर सेकंदाला एक लिटर. म्हणजे दिव्याच्या दर लुकलुकीला एक लिटर, युनिटला ३२०० लिटर पाणी.

हे चांगलं की वाईट? विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची १२ मीटर धरू. १००० लिटर पाणी १२ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा फक्त ०.०३३ युनिट. या हिशेबाने एका युनिटमध्ये ३०,००० लिटर चढायला हवं. आपलं चढलं ३२००. छोट्या मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्या) पंपाची मोटर आणि इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, मिळून वीज घेतात त्याचा पाव ते तिसरा हिस्साच पाण्याला मिळतो. ते आपल्या हातात नाही. पण पाण्याला मिळालेल्या त्या हिश्शातलाही निम्म्याहून जास्त भाग वाया जातो, आणि तो पाइपात.

विहीर परसाच्या टोकाला आणि टाकी गच्चीवर, मध्ये ८० मीटर एक इंची पाइप. आतला व्यास २५ मिमी धरू. सेकंदाला एक लिटर जायला त्यातून पाण्याला दोन मीटर प्रति सेकंद वेगाने धावावं लागतं. या वेगाला दर मीटर पाइपामागे सुमारे २० सेंटीमीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो. ८० मीटरला झाले साडेपंधरा मीटर! उचलायचं १२ मीटर आणि घासायला साडेपंधरा. मोटरच्या लेखी तुमची टाकी साडेसत्तावीस मीटरवर, म्हणजे नऊमजली इमारतीच्या गच्चीवर आहे.

आता दीड इंची पाइप घ्या, आतला व्यास ४० मिमी. तेवढ्याच पाण्याला घर्षण उरतं दीड मीटर. व्यास १.६ पट झाला आणि घर्षण दहावा हिस्सा, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने घटतं. व्यास वाढला की छेदाचं क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं, म्हणून वेग वर्गाने कमी होतो. घर्षण वेगाच्या वर्गाबरोबर जातं, त्यामुळे चौथा घात इथेच झाला. पाचवा येतो भिंतीमुळे: रुंद पाइपात दर लिटर पाण्यामागे भिंतीला घासणारा भाग कमी असतो. हेच उलटंही चालतं. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात चहूबाजूंनी दीड मिलिमीटर गंज धरला की २५ चे २२ होतात आणि घर्षण जवळजवळ दुप्पट.

इथे एक मेख आहे. पाइप बदलल्यावर बिल दहावा हिस्सा होत नाही. अडथळा कमी झाला की पंप जास्त पाणी फेकतो, वेग वाढतो आणि घर्षण थोडं परत येतं. साध्या सेंट्रिफ्युगल (चाक फिरवून पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपात पाणी वाढलं की मोटर थोडे जास्त वॅटही घेते. (छोट्या सेल्फ प्रायमिंग, म्हणजे दर वेळी पाणी भरावं न लागणाऱ्या, पंपांत बहुधा उलटं असतं, दाब वाढला की तेच जास्त वीज ओढतात, म्हणून त्यांचा कॉक बंद ठेवून मोटर लावू नये.) सगळं धरून लुकलुकीला एक लिटरचे दीडच्या आसपास होणं शक्य आहे. रोज ५००० लिटर लागत असतील तर महिन्याची ४७ युनिटं तिशीच्या थोडी वर येतील. त्या मानाने वायरीतलं नुकसान किरकोळ: ६० मीटर दीड चौरस मिमी तांब्याच्या वायरीत सहा अँपिअरला पन्नासेक वॅट जातात.

हे काम करताना पंपाच्या तोंडाशीच रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावून पाइप मोठा करावा. एक इंची एल्बो (काटकोनी जोड) घर्षणात पाऊण मीटर सरळ पाइपाच्या भावात पडतो, म्हणून शक्य तिथे लांब बेंड घालावा. वास्तुवाले विहीर ईशान्येला आणि टाकी नैऋत्येला सांगतात, म्हणजे नेमकी कर्णाची दोन टोकं. या सल्ल्याची फी दर महिन्याला मीटर वसूल करतो.

आणि प्लगमध्ये खोचायची ती ‘वीज वाचवणारी’ डबी? आत एक कपॅसिटर आणि एक दिवा. मोटर जो व्होल्टेजच्या मागे रेंगाळणारा करंट घेते त्यातला काही भाग कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो, हे खरं. पण घरगुती बिल लागतं ते युनिटांचं, आणि तो करंट युनिटांत धरलाच जात नाही. मोटर नुसतीच हुं हुं करते आणि फिरत नाही, असं असेल तर मात्र तिचा स्वतःचा कपॅसिटर बदलायला हवा. अशा वेळी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं.

मोटर रोज नव्याने पाणी भरल्याशिवाय उचलत नसेल तर फूटवॉल (विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी असलेली, पाणी परत खाली न सोडणारी झडप) गळतो आहे. तो वर काढून जाळीतला पालापाचोळा, शेवाळ आणि जांभ्याचा तांबडा गाळ धुवावा, वॉशर बदलावा. सक्शनचा (विहिरीतून पंपापर्यंतचा) पाइप कधीही डिलिव्हरीच्या (पंपापासून टाकीपर्यंतच्या) पाइपापेक्षा बारीक नको. पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. जांभ्यातल्या विहिरी जुलैत काठोकाठ असतात आणि मे महिन्यात तळ दाखवतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर बरा चालणारा पंप एप्रिलपासून आत खडी फिरल्यासारखा वाजू लागतो. पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन इम्पेलरवर फुटत असतात. वीज तेवढीच जाते, पाणी निम्मं येतं. अशा वेळी जास्त एचपीची मोटर आणून काही होत नाही. पंप विहिरीतच खालच्या टप्प्यावर उतरवावा लागतो, किंवा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, सोडावा लागतो.