मागे असलेला देश शेजाऱ्याला गाठतोच का?

"गरीब देश जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे तो श्रीमंत शेजाऱ्याला आज ना उद्या गाठतोच," असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण त्यात तथ्य आहे: जिथे यंत्रं आणि रस्ते कमी, तिथे नव्या गुंतवणुकीचा लाभ मोठा. पण त्यासाठी शिक्षण, शांतता आणि कारभारही साधारण सारखा लागतो. आपोआप काही होत नाही.

हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक एकाच बेटावर आहेत. १९६० च्या सुमारास दोघांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. आज डॉमिनिकनचं पाचपटीहून अधिक आहे. भारत आणि चीनही १९९० च्या सुमारास डॉलरमध्ये जवळजवळ बरोबरीत होते. पुढे काय झालं ते आपण जाणतोच.

वेग खरंच जास्त असला तरी घाई नको. एकाचं उत्पन्न १,००० आणि वाढ ८ टक्के, दुसऱ्याचं २,००० आणि वाढ ५ टक्के धरा. वर्षाअखेर पहिल्याचे ८० वाढले, दुसऱ्याचे १००. म्हणजे अंतर १,००० वरून १,०२० झालं! हेच दर टिकले तर बरोबरीला सुमारे २५ वर्षं लागतील, आणि इतका काळ ते क्वचितच टिकतात.

मेसेज आला की आधी बघा: आकडा दरडोई आहे की एकूण? महागाई वजा केली आहे का? मग दोन्ही देशांचे किमान ३० वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. एकट्या वर्षावरून काहीच ठरवू नका.