हेळव्याच्या चोपडीपासून उताऱ्यापर्यंत : सीमाभागातल्या वंशावळीची पार्श्वभूमी

सुगी आटोपली की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-हुक्केरीकडच्या गावांत हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा, यायचा, बैलावर बसून. काही घरी अजून येतो. दारात येऊन घरकर्त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घ्यायचं, मूळ गाव सांगायचं, भावकी कुठं कुठं पांगली ते सांगायचं, नव्या पोरांची नावं चोपडीत चढवायची आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढचं घर गाठायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. कानडीत हेळव म्हणजे लंगडा. बैलावर बसून फिरण्याची रीत त्या नावाशीच जोडलेली. चोपड्यांच्या आधी ताम्रपट असत. कोणत्या हेळव्यानं कोणती घरं करायची हेही ठरलेलं. चोपडी बहुधा कानडीत, मग घरात मराठी बोलत असोत की कानडी. सीमावाद फार पुढचा. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

आज आपली वंशावळ शोधू म्हणणाऱ्याला इथं पहिली अडचण येते ती वेगळीच. घराणं दोनशे वर्षं त्याच गल्लीत असतं, पण त्याचे कागद मात्र गावोगाव फिरलेले असतात. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. आधी तो धारवाडच्या कलेक्टराखाली होता. 1836 साली बेळगाव जिल्हा वेगळा झाला. मधे मधे संस्थानांचे तुकडे. शहापूर आज बेळगाव शहरातच मोडतं, पण ते सांगली संस्थानचं. रायबाग कोल्हापूरचं. म्हणजे एकाच शहरातल्या दोन पेठांमधल्या घरांची जुनी दप्तरं दोन वेगळ्या दरबारांची! 1948-49 मध्ये संस्थानं विलीन झाली. पुढं 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून; तो आज महाराष्ट्रात. त्यामुळं चंदगडकरांना आज्याच्या जमिनीचा जुना कागद बेळगावात शोधावा लागला तर नवल नाही. म्हणून आडनावाच्या मागं लागण्याआधी गाव कोणत्या साली कुणाच्या अमलाखाली होतं, ते एका कागदावर मांडून घ्यावं.

वंशवृक्ष असे आयते कुठं मिळतात? वतनाच्या भांडणात. पाटीलकी, कुलकर्ण, देसगत (देसायाचं वतन), इनाम ज्यांच्याकडे होतं त्यांना आपला हक्क शाबीत करावा लागे. इनामांची चौकशी या दक्षिण मराठा मुलखात 1843 पासूनच सुरू झाली आणि 1852 च्या कायद्यानं तिला धार आली. मूळ इनाम कुणाला मिळालं, त्याच्यानंतर कोण, असं पिढ्यान् पिढ्या मांडून द्यावं लागलं. इनाम टिकवायला लिहिलेले हे कागद आज वंश शोधणाऱ्याच्या कामी येतात. पण डोळे उघडे ठेवून वाचावेत : हक्कासाठी मांडलेल्या वंशावळीत नको असलेला भाऊ सहज गळतो. दत्तकही बघावा. कित्तूर संस्थानाचं इंग्रजांशी 1824 चं प्रकरण दत्तक नामंजूर झाल्यावरूनच पेटलं. साध्या वतनदाराच्या घरीही दत्तक म्हणजे कज्जा ठरलेला.

ज्यांना वतन नव्हतं, म्हणजे बहुतेकांना, त्यांचा माग विसाव्या शतकात लागतो. 1903 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात हक्कपत्रकं, म्हणजे जमीन कुणाच्या हक्काची याच्या नोंदी, तयार होऊ लागली. खातेदार वारला की वारसांची नावं लागत, आणि एका नोंदीत बाप, मुलं, कधी विधवाही सापडते. ज्याला जमीनही नव्हती त्यानं शाळेचं जनरल रजिस्टर गाठावं. त्यातली जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते, पण बापाचं नाव आणि गाव सहसा खरं.

लिपी हा खरा डोंगर. आज्याचा कागद मोडीत, वडलांचा दाखला बाळबोधीत (देवनागरीत), स्वतःच्या जमिनीचा उतारा कानडीत. मोडी सरकारी दप्तरातून 1950 च्या सुमारास गेली. 2023 मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध निघाला तेव्हा कुठं मोडी वाचणाऱ्यांची सगळ्यांना आठवण झाली. उतारे संगणकावर चढले तेही कानडीत, आणि एका लिपीतून दुसरीत जाताना नावांचं रूप पालटलं. एकाच माणसाची तीन नावं दिसली म्हणून ती तीन माणसं धरू नयेत. बापाचं नाव, सर्वे नंबर आणि गाव जुळतं का ते पाहावं.

कागद अडला की देव विचारावा. कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा, जोतिबा की गोव्यातलं एखादं देऊळ, यावरून घराणं कुठून आलं त्याची दिशा कळते. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावं असतात; गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपलं पान काढतात.

या सगळ्यात बायका फार थोड्या. आजीचं माहेरचं नाव ना वतनाच्या कागदात, ना उताऱ्यात. ते सांगणारी एखादी आत्या किंवा चुलत आजी अजून असेल तर दप्तराच्या पायऱ्या चढण्याआधी तिच्याकडे जाऊन बसावं, वही घेऊन.