टीव्ही भिंतीवर लावायचाय? आधी भिंत बघूया

नमस्कार. आम्ही ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन टीव्ही फिटिंग करतो. फोनवर लोक पहिलं हेच विचारतात की 55 इंचीचे किती घेणार, आणि आम्ही उलट विचारतो की भिंत कसली आहे. कारण 55 इंची एलईडी टीव्ही साधारण 15 किलोच्या आसपास असतो, चांगलं ब्रॅकेट तेवढं वजन आरामात पेलतं, गडबड होते ती भिंतीत, फास्टनर, म्हणजे ब्रॅकेट भिंतीत धरून ठेवणारा बोल्ट, सुटतो आणि मग सगळंच खाली येतं.

आता आपल्याकडच्या भिंती. घोडबंदर रोडला, खारघरला बरेच नवे टॉवर मिवानचे आहेत, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सरळ काँक्रीटच्या. पकड एक नंबर, पण साध्या ड्रिलने होत नाही, रोटरी हॅमर लागतो, आणि मध्येच सळई लागली तर जोर लावायचा नाही, भोक थोडं सरकवायचं. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वीट असते, तिथे प्लास्टर जाड आणि कधीकधी पोकळ झालेलं, त्यामुळे प्लग (भोकात बसवून ज्यात स्क्रू कसतात ती नळी) प्लास्टरमध्ये नाही तर त्याच्या मागे विटेत बसला पाहिजे. तिसरी भिंत म्हणजे सिपोरेक्स ब्लॉकची, हलकी आणि मऊ. हिच्यात लोखंडी फास्टनर कसला की ब्लॉक आतून फुटतो, म्हणून हॅमर मोड बंद करून ड्रिल करायचं आणि लांब नायलॉन प्लग वापरायचा. जिप्समचं पार्टिशन असेल तर आधी आतली फ्रेम शोधावी लागते, नुसत्या बोर्डवर मोठा टीव्ही आम्ही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

भिंत ओळखायची कशी? आम्ही भोकाच्या खाली कागदाची पुडी करून टेपने चिकटवतो. घरात धूळ पडत नाही हा एक फायदा, पण खरा फायदा असा की पुडीत काय पडलं ते दिसतं. लाल भुकटी म्हणजे वीट. राखाडी, पिठासारखी आणि ड्रिल हळूहळू आत जातंय म्हणजे काँक्रीट. पांढरट-राखाडी, भसाभसा पडतेय आणि बिट लोण्यात गेल्यासारखं जातंय म्हणजे सिपोरेक्स. तुम्ही शेजारी उभं राहून बघा, आम्हाला आवडतं.

ऐरोलीतल्या एका घरी आम्हाला बोलावलं होतं, टीव्ही दुसऱ्या कोणीतरी लावलेला. काकू म्हणाल्या वरून जरा वाकल्यासारखा वाटतोय. बघितलं तर ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीपासून बोटभर फट, सिपोरेक्समध्ये छोटे साधे प्लग मारलेले आणि ब्रॅकेट फिरणारं. रोज संध्याकाळी किचनमधून दिसावा म्हणून टीव्ही बाहेर ओढायचे. टीव्ही असा दीड फूट पुढे आला की वजन तेवढंच राहतं पण वरच्या प्लगवर ओढ कितीतरी वाढते. त्याच्या बरोबर खाली त्यांची दीड वर्षाची नात खेळत होती. आम्ही आधी टीव्ही उतरवून घेतला, मग बोललो. म्हणून फिरणारं ब्रॅकेट हवं असेल तर काँक्रीट किंवा पक्की वीट बघूनच घ्या, नाहीतर फिक्स किंवा टिल्टवालं (फक्त वर-खाली झुकणारं) बरं.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, याला वेसा म्हणतात, 200 बाय 200 किंवा 400 बाय 400 मिमी असं असतं. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढ्याच लांबीचा वापरा, जास्त लांब बोल्ट आतल्या पॅनलला लागू शकतो.

उंचीबद्दल आमचं मत ठाम आहे, बहुतेक घरात टीव्ही फार वर लावतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 40-42 इंचांवर येतात, स्क्रीनचा मधला भाग तिथेच आसपास हवा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापाने कापून भिंतीला टेपने लावा, घरातल्या सगळ्यांना बसून बघू दे, आजी-आजोबांना आधी, मान त्यांचीच जास्त दुखते. बेडरूममध्ये आडवं पडून बघत असाल तर थोडा वर चालतो.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारायचं नाही, आतून वायर तिथूनच गेलेली असते. मागे बाथरूम असेल तर नक्की सांगा, पाइप असू शकतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर ती सुकेपर्यंत थांबा, किंवा दुसरी भिंत बघू. देवघराच्या अगदी शेजारीही नको, समई-उदबत्तीची काजळी मागच्या जाळीतून आत जाते. मिवानच्या भिंतीत वायरसाठी झिरी कापू नका, ती भिंत बिल्डिंगचं वजन पेलतेय, वरून केसिंग पट्टी मारून देतो, रंग मॅच केला की डोळ्यात येत नाही. वीटवाल्या घरात पाइप आतून टाकायचा असेल तर निदान दीड-दोन इंची टाका, एचडीएमआयचं तोंड बारीक पाइपातून जात नाही.

भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी ड्रिल चालत नाही, वॉचमनकडून वेळ विचारून आम्हाला कळवा. आणि भिंतीचा, स्विचबोर्डचा आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा असे तीन फोटो व्हॉट्सअॅपवर आदल्या दिवशी टाका, म्हणजे बरोबर प्लग घेऊनच येऊ.