ट्यूना, डॉल्फिन आणि बोटीवरचा निरीक्षक

पूर्व पॅसिफिकमध्ये ट्यूनाचा, म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या जातकुळीतल्या माशांचा, शास्त्रीय हिशेब सुरू झाला तो आमिषाच्या टंचाईतून. तिथे ट्यूना गळाने पकडत आणि त्यासाठी जिवंत छोटी मासळी लागे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोस्टा रिकाच्या निकोया आखातातली ही मासळी झपाट्याने घटली. १९४९ मध्ये अमेरिका आणि कोस्टा रिका यांनी करार करून आंतर-अमेरिकी उष्णकटिबंधीय ट्यूना आयोग स्थापन केला. त्याचे पहिले संचालक मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये एक गणिती प्रारूप मांडले. किती मासेमारी केली आणि किती मासा हाती आला, या नोंदींवरून साठा किती उपसा सोसेल याचा अंदाज त्यातून बांधता येतो. मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी ते आजही शिकतात. १९६६ पासून यलोफिन ट्यूनाच्या पकडीवर मर्यादा आली.

तोवर मासेमारीची पद्धतच पालटली होती. नायलॉनची जाळी आणि ती ओढणारी यांत्रिक कप्पी आल्यावर गळाच्या बोटी भराभर पर्ससीनकडे, म्हणजे माशांना वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याकडे, वळल्या. या समुद्रात मोठा यलोफिन ठिपकेदार आणि स्पिनर डॉल्फिनच्या सोबतीने पोहतो. तिथे प्राणवायू असलेल्या उबदार पाण्याचा थर उथळ आहे, त्यामुळे दोघेही पृष्ठभागाजवळ राहतात. शिकाऱ्यांपासून बचाव हेही सोबतीचे एक कारण मानले जाते. डॉल्फिन दिसले की बोटी त्यांनाच घेरत. मग जाळ्याचा तळ आवळला की डॉल्फिन आत गुदमरून मरत. १९६० च्या दशकात असे लाखो मेले.

पहिले उपाय दर्यावरच्या माणसांनीच शोधले, हे आवर्जून सांगायला हवे. बोट मागे घेऊन जाळ्याची कड पाण्याखाली बुडवायची आणि डॉल्फिनना बाहेर काढायचे, ही युक्ती कप्तानांची. त्या भागात बारीक छिद्रांच्या जाळीचा पट्टा लावण्याची कल्पनाही त्यांचीच. पण समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२ चा अमेरिकी कायदा येऊनही १९८६ मध्ये सुमारे १,३३,००० डॉल्फिन मेले, कारण ताफ्याचा मोठा भाग तोवर इतर देशांच्या झेंड्यांखाली गेला होता.

आयोगाने १९७९ मध्ये बोटींवर निरीक्षक पाठवायला सुरुवात केली होती. १९९२ च्या ला होया करारानंतर प्रत्येक मोठ्या बोटीवर निरीक्षक आला आणि प्रत्येक बोटीला डॉल्फिन-मृत्यूची वेगळी मर्यादा मिळाली. ती ओलांडली की त्या वर्षी डॉल्फिनभोवती जाळे टाकणे बंद. १९९३ मध्ये आकडा ३,६०० च्या आसपास उतरला. १९९८ च्या करारात ही व्यवस्था बंधनकारक झाली.

दरम्यान १९९० मध्ये अमेरिकेत ‘डॉल्फिन-सेफ’ शिक्का आला. डॉल्फिनभोवती जाळे टाकून पकडलेल्या ट्यूनाला तो मिळत नसे. मग अनेक बोटी तरंगत्या ओंडक्यांकडे आणि मुद्दाम सोडलेल्या तराफ्यांकडे वळल्या, कारण त्यांच्याखालीही ट्यूना जमतो. तिथे कोवळा बिगआय ट्यूना, शार्क आणि कासवे जास्त अडकतात. डब्यावरच्या शिक्क्यावर याची काही खूण नसते. माझ्या मते निरीक्षकाची वही त्या शिक्क्यापेक्षा कितीतरी अधिक खरे सांगते.

तिलाही मर्यादा आहे. जाळ्यात किती मेले ते ती सांगते, समुद्रात किती उरले ते नाही. मृत्यू इतके घटूनही डॉल्फिनची संख्या अपेक्षेइतकी लवकर सावरल्याचे दिसले नाही. पाठलागाच्या ताणाने माय-पिल्लांची ताटातूट होत असावी, अशी शंका शास्त्रज्ञांनी मांडली आहे. तिचा निकाल समुद्रातल्या प्रत्यक्ष गणनेशिवाय लागणार नाही आणि अमेरिकेची त्या पट्ट्यातली मोठी गणना २००६ नंतर दीर्घकाळ झालीच नाही. ती नियमित व्हायला हवी आणि तिच्या खर्चाचा वाटा या ट्यूनावर कमावणाऱ्या देशांनी उचलायला हवा.