गुठळी झाली, तरी नळी काढत नाहीत

किमोथेरपीआधी बऱ्याच रुग्णांना छातीत ‘पोर्ट’ (कातडीखालची छोटी डबी, तिला जोडलेली नळी) बसवतात किंवा दंडातून ‘पिक लाइन’ घालतात. दोन्हींतल्या बारीक नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचतं. तिथे रक्ताचा ओघ इतका मोठा, की दाहक औषधही लगेच विरतं. हाताच्या लहान शिरा त्याच औषधाने खराब होतात.

पण शरीराच्या लेखी ही नळी परकीच. शिरेच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि गोठायला उतावीळ रक्त, शिरेत रक्ताची गुठळी होण्याच्या या तीन कारणांना जर्मन डॉक्टर फिरखोच्या नावावरून ‘फिरखोचं त्रिकूट’ म्हणतात. नळी पहिली दोन कारणं पुरवते, तिसरं कॅन्सर स्वतःच पुरवतो. त्यातही पोर्टपेक्षा पिक लाइनमध्ये गुठळीचा धोका जास्त.

नळीच्या बाजूचा हात सुजला, जड वाटू लागला, खांद्यावर-छातीवर शिरा उठून दिसू लागल्या, तर शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करतात. अनेकदा मात्र गुठळी काहीच लक्षण दाखवत नाही. ती सुटून फुप्फुसात अडकू शकते, खरी भीती ती.

गुठळी सापडली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग नळी काढणार ना?’ बहुतेक वेळा, नाही. नळी नीट चालत असेल, टोक जागेवर असेल, जंतुसंसर्ग नसेल आणि तिची गरज असेल, तर ती राहू देऊन रक्त पातळ करणारं औषध देतात. काढली तर दुसरी घालावी लागते, म्हणजे दुसऱ्या शिरेला तोच धोका! 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 74 रुग्णांवर असेच उपचार केले; गुठळी वाढली म्हणून एकाचीही नळी काढावी लागली नाही.

औषध म्हणजे हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं किंवा अपिक्साबानसारख्या गोळ्या. किमान 3 महिने, आणि नळी आत आहे तोवर. (‘रक्त पातळ करणारं’ हा शब्द जरा फसवा आहे. औषध गुठळी वाढू देत नाही. ती विरघळवण्याचं काम शरीर करतं.)

खरी कसरत प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची. किमोने त्या घटतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या 50,000च्या खाली गेल्या की रक्तस्रावाच्या भीतीने डोस कमी करावा किंवा थांबवावा लागतो. म्हणूनच गुठळी होण्याआधीच सगळ्यांना सरसकट हे औषध देत नाहीत. त्याऐवजी शिरेच्या मानाने बारीक नळी निवडतात आणि टोक नेमक्या जागी बसलंय ना, ते तपासतात.