तंबाखूमुक्त महाविद्यालय: ठराव, पात्रता आणि कागदपत्रे

महाविद्यालयाला ‘तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था’ म्हणून मान्यता मिळवायची असेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2019 मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेने नऊ निकषांवर स्वतःचे मूल्यमापन करायचे असते आणि त्यात किमान 90 टक्के गुण मिळवायचे असतात. फलक, भित्तिपत्रके आणि सीमारेषा ही कामे रंगारी व कार्यालयीन कर्मचारी दोन दिवसांत उरकू शकतात. संस्थेच्या आचारसंहितेत तंबाखूबंदीचा नियम घालण्यासाठी मात्र शिक्षकांना समितीत ठराव मांडून तो मंजूर करून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेची सुरुवात याच ठरावाने केली पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्याच आधारावर उभा राहतो.

या सूचना शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे अशा सर्व शैक्षणिक संस्थांसाठी आहेत. त्यामुळे पात्रतेसाठी संस्था अनुदानित आहे की विनाअनुदानित, हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो संस्थेत हा विषय कोणी आणि कोणापुढे मांडायचा, याचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 प्रमाणे संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन प्रतिनिधी या समितीत असतात व त्यांत किमान एक महिला असते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हेही सदस्य असतात. प्राचार्य सदस्य-सचिव असतात, म्हणून विषय कार्यसूचीवर घेण्याची लेखी विनंती त्यांच्याच नावे करावी. जो शिक्षक समितीवर नाही, त्याने निवडून आलेल्या प्रतिनिधीमार्फत विषय मांडावा आणि पत्रावर कार्यालयाची पोचपावती घ्यायला विसरू नये. विद्यापीठाच्या आवारातील विभागांचा मार्ग वेगळा आहे: तेथे प्रस्ताव विभागप्रमुखांकडून कुलसचिवांकडे आणि धोरणाचा निर्णय असेल तर व्यवस्थापन परिषदेपुढे जातो.

ठरावाची भाषा मोघम ठेवू नये. ‘व्यसनमुक्तीसाठी प्रयत्न करण्यात यावेत’ अशा वाक्यावरून कोणाला काय करायचे आहे, ते कळत नाही. आवारात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पाहुणे यांपैकी कोणीही कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन करणार नाही, नियम कोणत्या तारखेपासून लागू होईल, त्यावर देखरेख कोण ठेवील आणि उल्लंघन झाल्यास काय कार्यवाही होईल, या चारही गोष्टी ठरावात स्पष्ट याव्यात. ‘पाहुणे’ हा शब्द मी आग्रहाने घालायला सांगतो, कारण परीक्षेच्या दिवशी प्रवेशद्वाराशी थांबलेल्या पालकांना नियम सांगताना सुरक्षारक्षकाला त्याच शब्दाचा आधार असतो. देखरेखीसाठी नेमलेल्या व्यक्तींना ‘टोबॅको मॉनिटर’ म्हणतात. ती जबाबदारी शिक्षक, कर्मचारी किंवा विद्यार्थी प्रतिनिधी यांपैकी कोणालाही देता येते, पण त्यांचे नाव, पदनाम आणि संपर्क क्रमांक फलकावर द्यावे लागतात.

सर्वांत जास्त चुका होतात त्या शंभर यार्डांच्या मोजणीत. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायदा, 2003, म्हणजेच कोटपा, याच्या कलम 6 नुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे 91.44 मीटर. हे अंतर संस्थेच्या कुंपणभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत धरायचे असते. मी पहिल्यांदा ही मोजणी केली तेव्हा मुख्य प्रवेशद्वारापासून रस्त्याने पावले मोजत गेलो होतो. मागच्या गल्लीतली टपरी त्या हिशेबाने बरीच लांब भरली आणि नकाशात आलीच नाही. पुढे ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीपासून टेप धरली, तेव्हा तीच टपरी चाळीस मीटरांच्या आत निघाली आणि सगळा नकाशा नव्याने काढावा लागला. टपरी हटवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. त्यासाठी नकाशा, दिनांक दिसणारी छायाचित्रे आणि ठरावाची प्रत जोडून स्थानिक पोलीस ठाणे व नगरपालिका किंवा महानगरपालिका यांना पत्र द्यावे आणि जावक क्रमांकासह त्याची प्रत धारिकेत ठेवावी.

धारिकेत सर्वांत वर भरलेले स्वयंमूल्यमापन पत्रक असावे. त्याखाली बैठकीच्या इतिवृत्ताची प्राचार्यांच्या सहीची व शिक्क्याची प्रत, सुधारित आचारसंहितेचे ते पान, मॉनिटर नेमल्याचे आदेश, प्रवेशद्वारावरच्या व आवारातल्या फलकांची छायाचित्रे, तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी लावलेल्या भित्तिपत्रकांची छायाचित्रे आणि शंभर यार्डांचा नकाशा लावावा. गेल्या सहा महिन्यांत तंबाखूविरोधी किमान एक उपक्रम झालेला असणे हाही निकष आहे, म्हणून त्याचा दिनांकित अहवाल व उपस्थितीपत्रकही हवे. धूम्रपानबंदीचा फलक किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा असावा लागतो, हे रंगाऱ्याला काम देतानाच सांगावे.

एक निकष कागदांनी पुरा होत नाही: आवारात तंबाखू वापरल्याच्या खुणा नसणे. विडी-सिगारेटची थोटके, गुटख्याच्या पुड्या आणि पिंका यांसाठी जिन्याचे वळण, स्वच्छतागृहाची मागची बाजू आणि दुचाकी लावायची जागा हमखास पाहावी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरीही रिकाम्या पुड्या याच कोपऱ्यांत सापडतात. नुसती भिंत पुन्हा रंगवली तर आठवड्यात ती लाल होते. तिथे दिवा लावला आणि मॉनिटरची फेरी सुरू केली, तर फरक पडतो.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास कोटपाखाली 200 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड घेतल्यास पावती द्यावीच. मात्र सवय सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दंडाआधी मदत मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय निःशुल्क सेवा आहे, आणि तिचा क्रमांक फलकावर ठळक अक्षरांत लिहावा.

धारिका तयार झाल्यावर जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाशी संपर्क साधून पडताळणीची पुढची पद्धत विचारून घ्यावी. धारिकेची एक पूर्ण प्रत गुणवत्ता हमी कक्षाकडे ठेवावी. मॉनिटर असलेले शिक्षक निवृत्त झाले किंवा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेले, तर नवा नेमणूक आदेश काढून फलकावरचे नाव व क्रमांक त्याच आठवड्यात बदलून घ्यावेत.